साहेबाशी कोण बोलणार

मी लिहावं की नाही, हे ठरवण्यातच माझी बरीच वर्षं गेली. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं, आणि ज्यांच्याविषयी लिहायचं ती माणसं स्वतःविषयी चार वाक्यंही सलग बोलली नसती. अशा माणसांना पुस्तकात आणून बसवायचं म्हणजे त्यांना न विचारता त्यांचा फोटो काढल्यासारखं वाटतं. शिवाय या प्रकरणात मी स्वतः काही फार शोभून दिसत नाही. तेव्हा वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. यात मोठी घटना नाही. इंग्रजीत नीट विनंती कोणाला करता येते, यावरून एका भावाला आपल्या धाकट्या बहिणीचा हेवा वाटत राहिला, एवढंच आहे. पण तो हेवा माझ्या कॉलेजच्या एका सबंध वर्षावर पसरलेला आहे, आणि तो वगळून मला त्या घराबद्दल काही सांगता येत नाही.

आम्ही मूळचे कुरुळीचे. आज त्या गावातून कंपन्यांच्या बसगाड्या जातात, पण तेव्हा तिथं बाजरी, कांदा आणि धूळ याखेरीज काही नव्हतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, पिंपरीच्या एका फाउंड्रीत भट्टीवर लागले आणि आम्ही रेल्वेलाइनच्या अलीकडच्या एका पत्र्याच्या चाळीत दोन खोल्यांत राहायला आलो. पहाटे पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आधी आईच्या भाकऱ्या थापण्याचा आवाज सुरू व्हायचा. तो आवाज म्हणजे आमचं घड्याळ. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा, आणि आई खुशीत असली तर लसणाची फोडणी दिलेलं पिठलं. वारा फिरला की औषधाच्या कारखान्याचा आंबूस वास घरात शिरायचा आणि आई पातेल्यांवर झाकणं टाकत म्हणायची, "आलं बघा तुमचं पिंपरी." अण्णा संध्याकाळी घरी आले की आधी डोळ्यांवर ओला पंचा धरून बसत. वितळलेल्या लोखंडाकडे वर्षानुवर्षं बघून त्यांचे डोळे लाल झाले होते, त्यांतून सारखं पाणी यायचं, आणि दिव्याकडे पाहिलं की त्यांना भोवती कडं दिसायचं. कारखान्याच्या डॉक्टरनं थेंब दिले होते आणि सांगितलं होतं की भट्टी सोडा, नाहीतर डोळे सोडा. भट्टी सोडायची तर एकच जागा होती, टूल स्टोअर. तिथला म्हातारा स्टोअरकीपर निवृत्त होणार होता. त्याच्या खिडकीमागच्या स्टुलावर अण्णांना बसवायचं, एवढं एकच त्या वर्षी आमच्या घरात सगळ्यांच्या मनात होतं.

पण ते मागायचं कोणाकडे? कारखान्याचे नवे वर्क्स मॅनेजर, वरदनसाहेब, मद्रासकडून आलेले. त्यांना मराठी येत नव्हतं, हिंदी तर मुळीच नाही. मुकादमाला मध्ये घातलं तर तो आपल्या मेहुण्याचं नाव पुढे करणार, हे उघड होतं. म्हणजे साहेबाशी इंग्रजीत बोलायला आपलं माणूस हवं. आणि ते माणूस मी, याबद्दल मला तरी शंका नव्हती. मी इंग्रजी घेऊन बी.ए. करत होतो. चाळीतली माणसं दाराशी आलेला सरकारी कागद माझ्याकडेच वाचायला आणत. आई शेजारणींना सांगायची, "आमचा दत्ता विंग्रजीच शिकतोय."

शिकत होतो हे खरं. शाल, विल, मे, कॅन, कुड, वुड हे शब्द कुठं वापरायचे याचे नियम मला पाठ होते, आणि वर्गात सरांनी विचारलं की मी कागदावर बरोबर उत्तर लिहायचो. तोंडातून मात्र काही यायचं नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात चष्मेवाल्या बाई होत्या. पहिल्याच महिन्यात मी त्यांच्यापुढे उभा राहून म्हणालो, "आय वॉन्ट धिस बुक." त्यांनी वर न बघता विचारलं, "यू वॉन्ट?" मला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही, म्हणून मी तेच जास्त मोठ्यानं म्हणालो. मागं रांगेत पुण्याहून येणारी मुलं होती, ती हसली. त्यांच्यातला एक जण पुढे झाला, किंचित मान झुकवून "मे आय हॅव धिस वन, मॅडम?" म्हणाला, आणि बाईंनी हसून त्याचं कार्ड घेतलं. मी घरी येऊन तो नियम पुन्हा वाचला. मला तो येत होता. वेळेवर आला नव्हता एवढंच. बोलताना मला सदैव भीती वाटायची की एखादा शब्द कमी पडला तर मी उद्धट ठरेन, आणि एखादा जास्त झाला तर भिकारी. त्या दोहोंच्या मध्ये कुठं उभं राहायचं ते मला कोणी दाखवलं नव्हतं. आमच्या बोलण्यात त्याची गरजच पडत नसे. आपल्या माणसाला काय हवं ते सरळ सांगायचं, आणि मिळालं की घ्यायचं. घरात कोणी कोणाचे आभार मानले असते तर तो रुसवा समजला गेला असता.

माझ्या धाकट्या बहिणीला, शकूला, हे सगळं आपोआप आलं. तेच मला सोसत नव्हतं. मॅट्रिक झाल्यावर ती चिंचवडच्या एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागली. तिच्या वरच्या ऑपरेटर डिसूझाबाई म्हणून होत्या, सदा पांढऱ्या मोज्यांत असणाऱ्या, पेपरमिंट चघळणाऱ्या. त्यांनी शकूच्या कानाला हेडफोन लावला, दोऱ्या आणि प्लग दाखवले आणि सांगितलं की या खुर्चीवर बसून 'थांबा' म्हणायचं नाही, 'काय पाहिजे' म्हणायचं नाही आणि 'नाही' तर कधीच म्हणायचं नाही. थांबवायचं असेल तर 'वुड यू होल्ड द लाइन, प्लीज.' साहेब नसतील तर 'आय अ‍ॅम अफ्रेड, ही इज नॉट इन.' शकू पहिल्या आठवड्यात हे घरी सांगत होती तेव्हा आईनं तवा खाली ठेवून विचारलं, "अफ्रेड म्हंजी?"

"मला भीती वाटते," शकू म्हणाली.

"कुनाची गं? कोन काय म्हनलं का तुला?"

अण्णा पंचा बाजूला करून इतके हसले की त्यांना खोकला आला. मी ते हसू पुष्कळ दिवस विसरलो नाही. मी आणलेल्या कुठल्याही इंग्रजी शब्दावर अण्णा असे हसले नव्हते. मी काही सांगितलं की ते गंभीर होत, मान हलवत आणि म्हणत, "शीक बाबा, शीक." शकूनं सांगितलेलं मात्र ते खेळायला घेत. जेवताना आईकडे ताट सरकवून म्हणत, "वुड यू भाकरी, प्लीज?" आई लटकी चिडायची. "मी काय परकी हाय व्हय? भाकरी पाहिजे तर भाकरी म्हना की सरळ." आणि शकू शिकवायची, "अण्णा, वुड यू पास द भाकरी." एका खोलीत तिघांचा हा हशा चालायचा आणि दुसऱ्या खोलीत मी पुस्तक उघडं धरून, एकही ओळ न वाचता, त्यांच्या चुका मोजत बसायचो. 'पास' कसं म्हणते ते बघा. शेवटचं 'प्लीज' राहिलंच. माझा हेवा तेव्हा अशा क्षुद्र गोष्टींवर पोसला जात होता. चाळीतल्या नळावर कोणी बाई म्हणायची, "शकूचं विंग्रजी आमी आयकलं फोनवर, अगदी मडमेसारखं," की पुढचा सगळा दिवस माझा वाईट जायचा.

आता माझा नातू हिंजवडीला नोकरी करतो. घरात बसून, कानाला यंत्र लावून, तो अमेरिकेतल्या माणसांना 'कुड यू' आणि 'वुड यू' इतक्या सहज म्हणतो की मध्येच माझ्याकडे वळून 'आजोबा, पंखा कमी करा' म्हणायला त्याला अडचण वाटत नाही. दोन्ही त्याचंच आहे. त्याला पाहताना मला कौतुक वाटतं, आणि खोटं कशाला सांगू, थोडा जुना जळफळाटही वर येतो.

दिवाळीनंतर स्टोअरकीपर जाणार हे नक्की झालं, तसा घरात प्रश्न आला, साहेबाशी कोण बोलणार? मी आधीच त्याच्या तयारीला लागलो होतो. मनातल्या मनात भाषण तयार केलं होतं. पण आई म्हणाली, "दोघांचं बी आयका की. कुनाचं बरं वाटतंय ते बघा." गुरुवार होता, पिंपरीतल्या कारखान्यांच्या सुट्टीचा वार. अण्णा खाटेवर मांडी घालून बसले, खांद्यावरचा पंचा नीट केला आणि म्हणाले, "मी सायेब. हां, बोला." आमच्या शेजारचे हुसेनभाई, अण्णांच्याच भट्टीवर काम करणारे, दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. ते म्हणाले, "साहेब, खुर्चीवर बसतात राव. मांडी घालून कोण साहेब बसतो?" अण्णांनी पाय खाली सोडले.

मी उभा राहिलो. रिस्पेक्टेड सरपासून सुरुवात केली. अत्यंत नम्रपणे निवेदन करण्याची परवानगी मागितली, डॉक्टरांचं मत सांगितलं, माझ्या वडिलांची प्रामाणिक सेवा सांगितली, आणि शेवटी आवाज चढवून म्हणालो की त्यांची बदली झालीच पाहिजे, मस्ट म्हणालो, आणि लगेच घाबरून मोस्ट हंबली बेग असंही जोडलं. कपाळावर घाम आला होता. शकू माझ्यानंतर उभी राहिली, हात पुढे एकात एक धरून. तिचं दोन-तीन वाक्यांतच संपलं. माझ्या वडिलांच्या डोळ्यांना भट्टीचा त्रास होतो, स्टोअरची जागा रिकामी होते आहे, त्यांचा विचार करणं तुम्हाला शक्य होईल का. कुड यू पॉसिबली. ती म्हणाली आणि थांबली, जणू पलीकडून कोणी बोलेल याची वाट पाहत.

अण्णांना इंग्रजी येत नव्हतं. ते डोळे मिटून फक्त आवाज ऐकत होते. थोड्या वेळानं म्हणाले, "दत्ताचं आयकताना कोर्टात कुनीतरी हुबं ऱ्हायल्यावानी वाटलं. हिचं आयकताना वाटलं, दारात येऊन पानी मागतीया कुनीतरी." मग पंचा डोळ्यांना लावून सहज सांगितलं, "शकूला नेतो."

हुसेनभाई म्हणाले, "वा, साहेबानं ऑर्डर काढली." सगळे हसले. मीही हसलो. पण रात्रीच्या जेवणाला मी बसलो नाही, डोकं दुखतंय म्हणालो. शकू ताट घेऊन आत आली आणि म्हणाली, "दादा, तुझं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे. फक्त तू बोलतोस तेव्हा समोरच्याला नाही म्हणायला जागाच ठेवत नाहीस. डिसूझाबाई म्हणतात, जागा ठेवली की माणूस ऐकून तरी घेतो." मला समजुतीचे ते शब्द शिव्यांसारखे लागले. माझी धाकटी बहीण, कॉलेजचं तोंड न पाहिलेली, मला इंग्रजी शिकवत होती आणि तिचं म्हणणं बरोबर होतं.

भेटीच्या दिवशी शकूनं अर्धी सुट्टी घेतली. मला कोणी बोलावलं नव्हतं, तरी मी कॉलेज बुडवून कारखान्याच्या फाटकाशी गेलो. अण्णा मला पाहून थांबले. क्षणभर त्यांचा चेहरा मला नीट कळला नाही. "तू कशाला आलास? हितंच थांब, आत येऊ नगंस," ते म्हणाले, आणि शकूला घेऊन आत गेले. वॉचमननं मला विचारलं, "काय, नोकरीला का?" मी नाही म्हणालो. "मग बाजूला उभे राहा." कडुलिंबाखाली मी उभा राहिलो. आतून घणांचे आवाज येत होते, गंधक आणि जळक्या वाळूचा वास येत होता. मी शकूची वाक्यं मनात बोलून पाहत होतो आणि तिची जीभ अडखळावी असं मला वाटत होतं. अण्णांचं काम व्हावं असंही वाटत होतं. दोन्ही एकदमच वाटत होतं.

बाहेर आले तेव्हा अण्णा ताठ चालत होते. मी त्यांना तसं चालताना लग्नाच्या वरातीतसुद्धा पाहिलं नव्हतं. "दत्ता, चहा पाजला की रं सायबानं! कपबशीत. आन् बसवलं समोर. पंखा लावला. निघताना दारापतुर आला, हात बी जोडलं!" आमच्याकडे नाही म्हणायचं असलं की मोठा माणूस भेटतच नाही. भेटला तर बसायला सांगत नाही. ज्यानं बसवलं, चहा पाजला आणि दारापर्यंत सोडायला आला, त्यानं हो म्हटलं, हे कुरुळीत शेंबड्या पोरालाही कळायचं. अण्णा तिथून थेट पिंपरी कॅम्पातल्या मिठाईवाल्याकडे गेले आणि पेढे घेतले. चाळीत शिरल्याबरोबर हुसेनभाईंच्या हातावर पेढा ठेवला. "स्टोअर झालं." हुसेनभाईंनी त्यांना मिठी मारली. अण्णांनी तिथल्या तिथं आपला भट्टीचा चष्मा, तो निळ्या काचांचा, त्यांच्या पोराच्या हातात देऊन टाकला. "घे, तुझ्या बापाचा फुटलाय. मला आता काय करायचा."

शकू मला हाताला धरून नळामागं घेऊन गेली. तिचा चेहरा उतरला होता.

"दादा, साहेब नाही म्हणाले."

"म्हणजे? चहा पाजला ना?"

"चहा पाजला आणि नाही म्हणाले. खूप छान नाही म्हणाले. मला फार आवडलं असतं म्हणाले. पण स्टोअरमध्ये प्रत्येक कप्प्यावर इंग्रजी लेबल आहे, ज्याला ते वाचता येत नाही त्याला तिथं बसवता येणार नाही. आय अ‍ॅम अफ्रेड म्हणाले, दादा. मी दिवसभर लोकांना तसंच सांगते. मला पहिल्याच शब्दाला कळलं. अण्णा माझ्या शेजारी बसून हसत होते. वाटेत सांगायचं तर माझं धाडसच झालं नाही."

माझ्या मनात त्या क्षणी काहीतरी गोड झालं. ते लपवण्यात आता अर्थ नाही. तीही हरली होती. तिची पाणी मागण्याची तऱ्हा, तिचं कुड यू पॉसिबली, काही उपयोगाला आलं नव्हतं. ती म्हणाली, "तू सांग त्यांना. तुझं ऐकतील." मी म्हणालो, "तुला नेलं होतं. तूच सांग." ती डोळे पुसून आत गेली.

आईनं त्या दिवशी गव्हाच्या पोळ्या केल्या होत्या, सणासारख्या. अण्णा पहिला घास मोडत होते तेव्हा शकू त्यांच्यासमोर बसली. नोकरीला लागल्यापासून तिनं बोलण्यातली गावची वळणं सोडली होती, आई त्यावरून तिला चिडवायची. त्या दिवशी ती म्हणाली, "अण्णा, सायेब न्हाई म्हनला."

"चहा पाजला की."

"पाजला. आन् न्हाई म्हनला."

अण्णांनी घास ताटात परत ठेवला. बाहेर कोणाचा तरी रेडिओ चालू होता, त्यावर शेतकऱ्यांसाठी हवामान सांगत होते. ते संपलं. मग अण्णा म्हणाले, "न्हाई म्हनायला येवढा चहा?" आणि पुन्हा घास उचलला. मला वाटत होतं ते शकूला बोलतील. मला तसं हवं होतं बहुतेक. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "का न्हाई म्हनला?" तिनं लेबलांचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी अण्णा हुसेनभाईंच्या पोराकडून चष्मा परत मागून घेऊन भट्टीवर गेले. पेढे खाल्लेली माणसं नळावर भेटत होती. कोणी काही विचारलं नाही, पण सगळे जरा जास्तच हळू बोलत होते.

त्याच संध्याकाळी ते माझ्या खोलीत आले. खडू घेऊन आले होते. फरशीवर माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "लेबलं वाचायला शिकव मला. ह्ये तुजं काम." नवा माणूस अजून नेमला नव्हता, तोवर तिथं मुकादमच बघत होता. त्यामुळे थोडी मुदत होती. मी फरशीवर अक्षरं काढायला लागलो. ड्रिल, टॅप, डाय, रीमर, फाइल. अण्णांना अक्षरांच्या कडा धूसर दिसत, म्हणून मी ती हातभर मोठी काढायचो आणि ते त्यांवरून बोट फिरवायचे. मी चांगला शिकवत होतो असं मला अजूनही वाटतं. पण ते माझ्यापुढे शाळेतल्या पोरासारखे बसत. चुकले की गप्प होत, आणि बरोबर आलं तरी गप्पच. पाठ संपला की ते उठून बाहेरच्या खोलीत जात, आणि तिथं शकू त्यांना खिडकीवर आलेल्या माणसाशी कसं बोलायचं ते शिकवायची. ती कामगार व्हायची, ते स्टोअरकीपर. "येस प्लीज?" अण्णा म्हणायचे. "वुड यू साइन हिअर?" आई हातात लाटणं घेऊन मुकादम व्हायची. पुन्हा तोच हशा. मी खडूनं माखलेली बोटं घेऊन दाराआड उभा राहायचो. अक्षरं माझी होती. हसणं तिचं होतं.

परीक्षेसाठी मी पुण्याला मामांकडे राहायला गेलो तेव्हा अण्णांना लेबलं बऱ्यापैकी वाचता येत होती. निघताना त्यांच्या पाया पडलो. त्यांनी "नीट लिही" म्हटलं. स्टोअरचं काय करणार, पुन्हा साहेबाकडे कोण जाणार, हे मी विचारलं नाही, कारण उत्तर काय येईल ते मला ठाऊक होतं आणि मला ते परीक्षेच्या तोंडावर ऐकायचं नव्हतं.

शेवटचा पेपर देऊन मी सायकलवर परत येत होतो. कासारवाडीच्या पुढं रेल्वेचं फाटक पडलं होतं. सायकली, बैलगाड्या, एक ट्रक, सगळे उन्हात थांबले होते. त्या गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "अबे कॉलेज!" हुसेनभाई होते, सायकलच्या दांडीवर पालेभाजीची पिशवी अडकवून.

"तुला कळलं का? तुझ्या बापाला स्टोअर मिळालं. सोमवारपासून बसतोय."

मी सायकल आडवी होता होता धरली. "कसं? कोण गेलं बोलायला?"

"कोणी नाही. स्वतः गेला. मी होतो ना दाराशी. साहेबाला म्हणाला, सर, मे आय शो यू समथिंग. आणि त्याला घेऊन स्टोअरमध्ये गेला. साहेब बोट ठेवतोय लेबलावर, हा वाचतोय. एक अडलं, बाकी सगळं खटाखट. साहेब पण हसायला लागला. विचारतो, हू टॉट यू? तर तुझा बाप म्हणतो, माय डॉटर, सर."

मालगाडी यायला लागली होती. माझे खडू, माझी ती हातभर अक्षरं, सगळं एका शब्दात तिच्या नावावर गेलं होतं. हुसेनभाईंनी माझ्याकडे पाहिलं असावं, कारण ते जवळ आले आणि गाडीच्या आवाजावर ओरडून बोलायला लागले.

"मी पण विचारलं त्याला बाहेर आल्यावर. म्हटलं, भल्या माणसा, वाचायला तर पोरानं शिकवलं. त्याचं नाव का नाही घेतलं? तर मला काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, हुसेन, कॉलेजात पोरगा हाय म्हनून सायबाला कळलं, तर सायेब खूश होऊन म्हनंल, उद्या घिऊन ये, भरती करतो. आपल्या भट्टीवरच्या पवाराच्या पोराला तसाच घेतला, शाळा सोडून बसला हितंच वाळू चाळत. सायबानं आपल्या तोंडानं सांगितल्यावर मी न्हाई कसं म्हनू? मला न्हाई जमायचं. त्यापरीस त्याला सायबाच्या नजरंलाच पडू द्यायचा न्हाई."

गाडीचे डबे एकामागून एक जात होते.

"आधीपासून हेच चाललं होतं त्याचं," हुसेनभाई म्हणाले. "त्या दिवशी तू फाटकाशी आलास ना, तर मला नंतर म्हणाला, वॉचमननं नाव विचारलं असतं तर? आणि तू आपला बसला असशील रुसून."

फाटक उघडलं. हुसेनभाई सायकलवर बसून पुढे निघाले, आणि मागून ट्रकवाला हॉर्न वाजवत होता, तरी माझा पाय पॅडलवर पडेना.